पायऱ्या ओल्या होत्या

विमा कंपनीच्या दावे विभागात त्याला सगळे ‘नामंजूर’ म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर साहेब. पण तो जागेवरून उठला की मागे कोणीतरी हळूच म्हणायचं, “नामंजूर निघाले,” आणि खसखस पिकायची. त्याला हे ठाऊक होतं. खरं सांगायचं तर त्याला त्याचा थोडा अभिमानही होता. लोक खोटं बोलतात. छप्पर उडालं म्हणून अर्ज करतात, जाऊन बघावं तर उडालेला असतो एक पत्रा आणि तोही शेजाऱ्याचा. अशा जगात एका माणसाने तरी नाही म्हणायला नको का? तो माणूस तो होता, आणि नाही म्हणण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

अशा माणसाने एके दिवशी गेम मास्टर व्हायचं ठरवलं. याला हौस म्हणत नाहीत. याला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात, तेही दोन्ही हातांनी, नीट नेम धरून.

आधी तो खेळ काय ते सांगायला हवं. त्याची लेक आणि तिचे मित्र दर रविवारी तिच्या खोलीत दार लावून बसत. टेबलाभोवती बसायचं, एकेकाने एकेक पात्र व्हायचं. कोणी योद्धा, कोणी जादूगार. आपलं पात्र काय करतं ते तोंडाने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा एक फासा सांगणार. झाले खेळाडू. बाकी उरलेलं जग, म्हणजे जंगल, पाऊस, राजा, राजाची सासू, भुयारातला कुबट वास, दारामागे कोण आहे आणि ते जेवलेलं आहे की उपाशी, हे सगळं एकट्या गेम मास्टरने उभं करायचं. बोलून. हातात काही नाही, पडदा नाही, दिवे नाहीत. माणूस कच्चा असेल तर ते चार लोक टेबलाभोवती बसलेले चार लोकच राहतात आणि घड्याळाकडे बघू लागतात.

लेकीच्या टोळीतली गेम मास्टर पक्की होती. प्राथमिक शाळेत शिकवायची, म्हणून सगळे तिला बाई म्हणत. तिने दोन वर्षं एकच गोष्ट चालवली होती, आणि दोन वर्षं त्या दारामागून हसण्याचा गडगडाट बाहेर येत होता. बाहेर हा पेपर घेऊन बसलेला. त्याच्या वाट्याला त्या खोलीतून एकच वाक्य येई, “बाबा, टीव्ही हळू करा ना.” तो हळू करायचा. मग टीव्हीही ऐकू यायचा नाही आणि आतलंही कळायचं नाही.

पुढे लेकीला लांबच्या शहरात नोकरी लागली. जायला महिना उरला. गोष्ट शेवटाला आलेली, आता फक्त सगळ्यात खालच्या भुयारातला अजगर उरला होता. आणि नेमकं तेव्हा बाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने बजावलं, महिनाभर एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही. लिहून खेळ चालवून पाहिला, पण बाईंचं वाक्य लिहून होईपर्यंत समोरचा राक्षस म्हातारा व्हायचा.

“संपलं,” लेक सकाळी चहा घेताना म्हणाली. “अर्धवटच राहणार ती गोष्ट.”

त्याने कप खाली ठेवला. “त्यात काय एवढं? मी चालवतो.”

बायकोने वळून बघितलं. “अहो, तुम्ही? पोरगी लहान असताना तुम्हाला सशाची गोष्ट धड सांगता आली नाही. ससा झोपला तर तुम्ही विचारलंत, डॉक्टरचा दाखला होता का.”

“तो प्रश्न रास्त होता.”

लेक त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत शंका होती तशी थोडी आशाही होती. तेवढ्यावर तो पाघळला. त्याला अजगराचं काही पडलेलं नव्हतं. त्याला महिन्याभरात चार रविवार त्या दाराच्या आत बसायचं होतं. नंतर त्या खोलीत कोणी हसणारच नव्हतं.

तयारी त्याने कसून केली. नियमांचं जाडजूड पुस्तक आणलं, एका आठवड्यात वाचून काढलं आणि त्यात इतक्या रंगीत चिठ्ठ्या लावल्या की पुस्तकाला पिसं फुटली. बाईंकडे त्यांचा आराखडा मागितला. एवढी गोष्ट चालवली म्हणजे कपाटभर कागद असणार. बाईंनी पर्समधून एक चुरगळलेला कागद काढून दिला. त्यावर लिहिलं होतं: ‘दरवाजा. म्हातारा. मग काहीतरी वाईट.’

“काहीतरी म्हणजे काय?” त्याने विचारलं.

बाईंनी खांदे उडवले आणि खेळाडूंकडे बोट दाखवलं. ते करतील त्यावर अवलंबून, असा अर्थ असावा. त्याला तो शुद्ध बेजबाबदारपणा वाटला. अशा तयारीवर त्याची कंपनी सायकलचा विमासुद्धा उतरवत नाही.

पहिला रविवार उजाडला. टेबलाशी लेक, खेळात ती दोन वर्षं एक चोरटी होती, गालावर वण असलेली, कुलपांशी बोलणारी. तिच्या शेजारी तिची मैत्रीण, दातांची डॉक्टर, खेळात सात फुटी कुऱ्हाडवाली. मग लांब्या, जो खेळात जादूगार होता आणि बाहेर बसच्या वेळापत्रकांचं काम करायचा. आणि एक मुलगा ज्याला सगळे ‘गप्प’ म्हणत, कारण तो कधी बोलायचा नाही. खेळात तो गवई होता. कोपऱ्यात बाई, तोंड मिटून. खेळायला नाही, बघायला. त्याला वाटलं होतं बोलणार नाही म्हणजे त्रास नाही. पण न बोलणाऱ्या माणसाचा सगळा जीव चेहऱ्यात येतो हे त्याला अजून कळायचं होतं.

भुयारात उतरायला दोर हवा होता. बाईंच्या हातात हे काम चहा गाळेपर्यंत उरकलं असतं. त्याच्या हातात दोराचं दुकान आलं.

“किती लांबीचा?” त्याने विचारलं.

“पुरेसा,” लांब्या म्हणाला.

“पुरेसा ही लांबी नाही. वजन किती पेलायचंय? कुऱ्हाडीसकट की कुऱ्हाडीविना?”

दोर घेऊन होईपर्यंत चहा दोनदा झाला. मग दरवाजा आला.

“मी दार तोडते!” दातांची डॉक्टर हात चोळत म्हणाली.

“दार कोणाचं आहे?”

“काका, भुताचं.”

“भुताच्या नावावर आहे, की भूत तिथे राहतं नुसतं?”

डॉक्टरने लेकीकडे बघितलं. लेकीने टेबलाकडे. बाईंनी कपाळाला हात लावला, आणि तो हात कपाळावर राहिला तो संध्याकाळपर्यंत.

शेवटी दार कायदेशीररीत्या उघडलं. खाली जिना. लेक जरा पुढे सरकून बसली. तिच्या आवाजात थोडी जान आली. “मी पुढे होते. भिंतीला हात लावत पायऱ्या उतरते.”

“फासा टाक,” तो म्हणाला.

“कशाला? नुसत्या पायऱ्याच आहेत ना?”

“टाक.”

तिने टाकला. एक आला. याहून वाईट त्या फाशावर काही नसतं.

“घसरलीस.”

“कशावर?”

“पायऱ्या ओल्या आहेत.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

ओल्या पायऱ्या त्याला सकाळी सुचल्या होत्या. इमारतीचा जिना धुतलेला होता, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीने ठेवलेली पिवळी पाटी ओलांडून तो पेपर आणायला उतरला होता. खेळ वास्तवाला धरून असावा, असं त्याला वाटलं. त्याने हिरवी चिठ्ठी लावलेलं पान उघडलं, उंची बघितली, इजा बघितली, बेरीज केली, पुन्हा केली. उत्तर तेच आलं.

“मेलीस,” तो म्हणाला.

दोन वर्षं जगलेली चोरटी. तिने राजाचा मुकुट त्याच्या डोक्यावरून, तो जागा असताना चोरला होता. ती अजगराच्या वाटेवर, अजगर दिसायच्या आत, जिन्यात पाय घसरून मेली. बाईंनी डोळे मिटून घेतले.

“नियम आहे,” त्याने पुस्तक फिरवून दाखवलं. “हे बघ. इथे.”

“असू दे बाबा,” लेक म्हणाली.

हे ‘असू दे’ त्याच्या ओळखीचं होतं. ऑफिसात त्याने कागद परत केले की काही लोक भांडत, काही रडत, आणि काही नुसते म्हणत, असू द्या साहेब. भांडणारे परत यायचे. असू द्या म्हणणारे कधीच परत येत नसत.

त्या आठवड्यात सल्ले सुरू झाले. आपल्याकडे माणूस बुडत असला की काठावरचे लोक दोर टाकत नाहीत, पोहण्यावर बोलतात. वरच्या मजल्यावर एक निवृत्त नट राहायचा. जन्मभर त्याने नाटकात पहारेकऱ्याचं काम केलं होतं, एका जागी भाला धरून उभं राहायचं. त्याने जिन्यातच याला धरलं.

“आवाज!” नट छाती फुगवून म्हणाला. “तुमचा आवाज सपाट आहे. राक्षस बोलला की भिंती हलल्या पाहिजेत.”

“तुम्ही किती नाटकांत बोललात?”

“ते महत्त्वाचं नाही.”

ऑफिसात शेजारी बसणारा एजंट उलटं सांगत होता. “गिऱ्हाइकाला हो म्हणावं हो. लोक हो ऐकायला येतात. तुम्ही आयुष्यात कधी हो म्हणालात का? लग्नातसुद्धा तुम्ही म्हणे ‘हरकत नाही’ म्हणालात.”

याने काय करावं? दोन्ही सल्ले एकत्र घेतले. जो माणूस औषधाच्या बाटलीवरचा मजकूर तीनदा वाचतो, त्याने दोन बाटल्या एकाच ग्लासात ओतल्या.

दुसऱ्या रविवारी तो सगळ्याला हो म्हणाला. कुऱ्हाडवाली दार तोडते म्हणेपर्यंत दार पडलं. लांब्या म्हणाला, मी उडतो. उड. लांब्या म्हणाला, मला खजिना सापडतो. सापडला. लांब्या जांभई देत म्हणाला, अजून एक. घे. फाशाला कोणी हात लावेना, लावायची गरजच नव्हती. गप्पने गाणं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात समोरचा राक्षस म्हणाला, वा, छान गायलास. गप्पने तोंड मिटलं. बाईंचा चेहरा गेल्या रविवारी दुःखी होता, आज तो सांत्वनाला आलेल्या माणसासारखा झाला. दुःख परवडलं.

मग तो लेकीकडे वळला. हा त्याचा हुकमाचा पत्ता होता. “आणि चोरटी डोळे उघडते! जिवंत! उठ!”

“नको,” लेक म्हणाली.

“नको म्हणजे?”

“असं फुकट नको बाबा. तुम्ही मारलीत म्हणून मेली, तुम्ही म्हणालात म्हणून उठली. मग ती होती कशाला?” तिने नवीन कागद ओढला. “मी हमाल होते. ह्यांचं सामान उचलते. चला पुढे.”

ज्याला काही सुचत नाही तो आवाज वाढवतो, हे घरात, ऑफिसात आणि संसदेत सारखंच. त्याला नटाचा सल्ला आठवला आणि भुयाराच्या रखवालदार श्वापदाची डरकाळी त्याने पोटापासून काढली. ती इतकी खरी निघाली की स्वयंपाकघरात बायकोच्या हातून भांडं पडलं आणि खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या काकू, सिलेंडर फुटला समजून, चपला न घालता रस्त्यावर गेल्या. अर्धी इमारत त्यांच्या मागून. डरकाळीनंतर श्वापदाचं पुढे काय झालं हे कोणी विचारलंही नाही.

“ह्या घरात पुन्हा नाही,” बायको म्हणाली. “काय अजगर मारायचे ते बाहेर मारा.”

तिसरा रविवार काकूंची माफी मागण्यात आणि सेक्रेटरीच्या मागे फिरण्यात गेला. तळमजल्यावर पंपाशेजारी सोसायटीचा छोटा हॉल होता. सेक्रेटरी खिडकीमागे बसून अर्ज घ्यायचा. स्वतःच्याच घराची खिडकी, पण त्याने तिला काचेचं झडप बसवून घेतलं होतं.

“कारण?” सेक्रेटरीने विचारलं.

“खेळ.”

“मैदानी की बैठा?”

“बैठा.”

“मग क्रीडा समितीची संमती लागेल.”

“समितीत कोण आहे?”

“मी.”

“मग द्या की!”

“असं कसं? समितीची बैठक व्हावी लागते. पुढच्या महिन्यात.”

“पुढच्या महिन्यात माझी मुलगी इथे नसेल हो!”

“त्याला समिती काय करणार?” सेक्रेटरीने झडप अर्धं ओढलं. “आणि फासे आहेत म्हणे. फाशांना हॉलमध्ये बंदी आहे. जुगार.”

“जुगार नाही. गोष्ट आहे ती.”

“मग सांस्कृतिक समिती. तिच्यातही मीच आहे. बैठक त्याच्याही नंतर.”

झडप बंद झालं. तो त्या काचेसमोर उभा राहिला आणि काचेत त्याला एक माणूस दिसला, हातात अर्ज, चेहरा पडलेला. तो माणूस त्याने खूप वेळा पाहिला होता. फक्त काचेच्या ह्या बाजूने तो कधी पाहिला नव्हता. ह्या विचाराने त्याला शहाणपण वगैरे काही आलं नाही. त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

शेवटचा रविवार आला. मंगळवारी लेकीची गाडी होती. हॉलला कुलूप नव्हतंच, नुसती कडी होती. ज्या माणसाने कधी गवतावरून पाय नेला नाही त्याने ती कडी काढली आणि सगळ्यांना आत घेतलं. पंप घरघरत होता. बाकड्यांवर धूळ. सेक्रेटरीच्या पिवळ्या पाट्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. बाई आल्या, घशाला रुमाल गुंडाळून. त्यांचा महिना संपायला दोनच दिवस उरले होते, त्यामुळे त्या आणखी कडक मौन पाळत होत्या.

टोळीने आपसात ठरवलं होतं. अजगराकडे नंतर. आधी मृतांच्या देशात जायचं आणि चोरटीला परत आणायचं, रीतसर. त्यासाठी आज ते त्या देशाच्या दाराशी उभे होते, आणि तो त्यांना द्वारपालाचा इतिहास वाचून दाखवत होता. रात्री जागून त्याने तीन पानं लिहिली होती. द्वारपालाचं कूळ, द्वारपालाचं शिक्षण. पहिल्या पानाअखेर लांब्याने फोन काढला. दुसऱ्या पानावर डॉक्टर आपल्याच दाताला जीभ लावून तपासू लागली. लेक त्याच्याकडे बघून मान हलवत होती, प्रत्येक वाक्याला, समजूतदारपणे. तिचं ते मान हलवणं त्याला सहन होईना. लहान मुलाच्या चित्राला आई जशी मान हलवते तशी ती त्याला हलवत होती.

दार धाडकन उघडलं. दारात सेक्रेटरी. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, मागे वॉचमन.

“परवानगी दाखवा,” सेक्रेटरी म्हणाला.

झालं. त्याला वाटलं, उठून ह्या माणसाला पंपाच्या खोलीत कोंडावं. एक महिना. एक महिना तो अपमान गिळत होता. बायकोचा, नटाचा, एजंटचा, एका मुक्या बाईच्या भुवयांचा. हातातली तीन पानं त्याने चुरगळली. तोंडातून मात्र निघालं ते वेगळंच. तो खेळाडूंकडे वळला आणि दात ओठ खात म्हणाला,

“दार उघडतं. दारात द्वारपाल उभा आहे. उंचीने बेताचा. कमरेला सगळ्या जगाच्या किल्ल्या, आणि त्यातली एकही त्याने आजवर कोणासाठी वापरलेली नाही. तो म्हणतो, परवानगी दाखवा.”

लांब्याने फोन खाली ठेवला.

“अहो, मी खरंच म्हणतोय,” सेक्रेटरी म्हणाला.

“तो म्हणतो, मी खरंच म्हणतोय. काय करता?”

“मी कुऱ्हाड काढते!” दातांची डॉक्टर म्हणाली.

“काढ. तो कुऱ्हाडीकडे बघतही नाही. कुऱ्हाडी त्याने खूप पाहिल्यात. तो विचारतो, कुऱ्हाड आत न्यायचा अर्ज केलाय का?”

“बरोबर आहे,” सेक्रेटरी म्हणाला. “करायलाच हवा.” मग तो दचकला. “हे काय चाललंय?”

लांब्या पुढे वाकला होता. “मी विचारतो, कसली परवानगी?”

याने सेक्रेटरीकडे बघितलं आणि वाट बघितली. महिन्याभरात पहिल्यांदा त्याने कोणाच्या उत्तराची वाट बघितली.

“प्रवेशाची,” सेक्रेटरी म्हणाला. “आणि कारण लिहून द्यायचं.”

“कारण आहे,” लेक म्हणाली. ती सरळ होऊन बसली होती. “मी हमाल आहे. माझी मालकीण आत अडकलीय. ती चुकून मेली.”

“चुकून कोणी मरत नाही,” हा म्हणाला. हे वाक्य मात्र त्याचं स्वतःचं, ऑफिसातलं. वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेलं.

“ही मेली. जिन्यात. पायऱ्या ओल्या होत्या म्हणून.”

“मग बघून चालायचं होतं.”

“काय बघून?” लेकीचा आवाज चढला. तो हमालाचा आवाज नव्हता. “बाबा, पायऱ्या ओल्या तुमच्या डोक्यात होत्या. आम्हाला त्या कोरड्याच दिसत होत्या. तुम्ही सांगितल्याशिवाय आम्हाला दिसणार कसं? इथे तुम्ही सांगता तेवढंच असतं. तुम्ही सांगितलंच नाहीत, आणि मग म्हणालात, घसरलीस.”

त्याच्याकडे उत्तर होतं. पान, चिठ्ठी, बेरीज, सगळं होतं. त्याने पुस्तकाकडे हात नेला आणि तिथेच थांबवला.

सेक्रेटरी आत आला. वॉचमनला दारातच ठेवून त्याने बाकडं ओढलं आणि तो बसला. त्याच्या चेहऱ्यावर आता खरी अधिकाऱ्याची कळा आली होती.

“एक मिनिट,” सेक्रेटरी याला म्हणाला. “पायऱ्या ओल्या होत्या. बरोबर?”

“बरोबर.”

“पाटी लावली होती का?”

“कसली पाटी?”

“कसली काय विचारता!” सेक्रेटरीने उठून भिंतीला टेकवलेली पिवळी पाटी उचलली आणि टेबलावर आदळली. फासे उडाले. “जपून, पायऱ्या ओल्या आहेत. ही! माझ्या सोसायटीत पाटी लावल्याशिवाय जिन्यावर थेंबभर पाणी टाकून दाखवा कोणी. रोज सकाळी मी स्वतः लावतो. तुम्ही रोज ती ओलांडून जाता, मी खिडकीतून बघतो. कधी ‘बरं झालं लावलीत’ म्हणालात? तुमच्या जिन्यात पाटी होती का? हो की नाही?”

त्याचे कान तापले. दावे विभागात असा प्रश्न विचारायला तो स्वतः विसरला असता तर त्याने राजीनामा दिला असता.

“नव्हती,” तो म्हणाला.

“सूचना नाही, मग चूक तिची नाही,” सेक्रेटरीने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. “मृत्यू नियमबाह्य. रद्द!”

मग गप्प बोलला. दोन वर्षांत बहुधा पहिल्यांदाच, न गाता. “तुम्ही रोज पाटी लावता,” तो सेक्रेटरीला म्हणाला, “त्याबद्दल आभार.” सेक्रेटरीने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि खिडकीला काही झालंय का ते बराच वेळ तपासलं.

आणि तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला. आधी फुटक्या भोंग्यासारखा, मग मोकळा. बाई हसत होत्या. रुमाल सुटला होता, डॉक्टरचं फर्मान धुळीला मिळालं होतं, आणि त्या पोट धरून हसत होत्या. तेच हसू, जे दोन वर्षं दारामागून ऐकू यायचं. फरक एवढाच की दार आता त्याच्या मागे होतं.

“रद्द!” बाई खरखरीत आवाजात म्हणाल्या. “मला हे सात जन्मात सुचलं नसतं.”

“बाई, बोलू नका!” चौघे ओरडले.

“अरे पण आत तरी घ्या त्यांना,” वॉचमन दारातून म्हणाला. “केव्हाची ताटकळलीत पोरं मृतांच्या दारात.”

“घेतो ना,” सेक्रेटरी म्हणाला. “पण कुऱ्हाड बाहेर.”

“कुऱ्हाड बाहेर का?” दातांची डॉक्टर भडकली, आणि दहा मिनिटं कुऱ्हाडीवरून जी खडाजंगी झाली ती ऐकून नट वरून खाली आला. भाला धरावा तसा हात करून तो दाराशी उभा राहिला. त्याला कोणी आत बोलावलं नाही, तो जायला तयार नव्हता. ‘नामंजूर’ घामाघूम झाला होता. एकाला उत्तर द्यावं तर दुसरा बोलायचा, सेक्रेटरी नियम काढायचा, गप्पला आता बोलायचं व्यसन लागलं होतं. चुरगळलेली तीन पानं कधीच टेबलाखाली गेली होती. हे काम आहे की शिक्षा आहे, त्याला कळेना. दोन वर्षं बाईंनी हे हसत कसं केलं, तेही त्याला कळेना. वर मंगळवार दोन दिवसांवर, अजगर अजून सगळ्यात खालच्या भुयारात, आणि ह्या लोकांना कुऱ्हाडीची पडलीय!

“शांत!” त्याने टेबलावर थाप मारली. “द्वारपाल कुऱ्हाडीची पोच देतो. दार उघडतं. आत चोरटी उभी आहे. जिवंत. तुमच्या मागे एक जिना वर जातो, बाहेर.”

लेकीने हमालाचा कागद बाजूला सारला आणि खालून जुना, कडा दुमडलेला कागद काढला. तो तिने फेकला नव्हता. पहिल्या रविवारपासून तो तिच्या बाडात होता.

“काय करतेस?” त्याने विचारलं.

तिने फासा हातात घेतला, मुठीत धरला, आणि त्याच्याकडे बघितलं.

“बाबा, आधी सांगा. पायऱ्या कशा आहेत?”

“कोरड्या,” तो म्हणाला. मग थांबला. एवढं पुरणार नव्हतं हे त्याचं त्यालाच कळलं. त्याने पुस्तक मिटलं. “दगडी आहेत. मधोमध झिजलेल्या, खूप लोक उतरलेत, वर कमी गेलेत. डाव्या बाजूला भिंत आहे, तिला हात लावलास तर गार लागते. सातवी पायरी तुटकी आहे. तिथे जरा लांब पाय टाक. वर उजेड आहे, फार नाही, दार किलकिलं असल्यावर येतो तेवढा. आणि...”

“कठडा आहे का?” सेक्रेटरी मध्येच म्हणाला.

“आहे हो!” तो ओरडला. “आहे कठडा! बोलू द्याल का मला?”